सातवी मात्रा आणि पाण्याची मोटर

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसानं गुडघे सांभाळावेत. मी सेकंडहँड बेस गिटार घेतली.

"चारच तारा आहेत, सोपं असणार," मी बायकोला म्हणालो.

"तंबोऱ्यालाही चारच असतात," ती म्हणाली, "आणि तो वाजवणाऱ्याकडं कुणी बघत नाही."

बेसवाल्यांचं सगळं दुःख तिनं गिटार खोक्यातून निघायच्या आधीच सांगून टाकलं.

पहिल्या दिवशी सगळ्यात जाड तार छेडली. ही तार म्हणजे कपडे वाळत घालायच्या तारेची सख्खी बहीण. सेकंदाला साधारण 41 कंपनं. माणसाच्या कानाला ती जेमतेम कळतात, मांडणीवरच्या ताटांना मात्र लगेच कळतात. ताटं थरथरली, शेंगाचटणीची बरणी फळीच्या कडेपर्यंत चालत आली आणि खालून कुणीतरी ओरडलं, "मोटर लागली! पाणी आलं ओ!" सोलापुरात या हाकेला कोण थांबतंय? दोन मिनिटांत नळापाशी घागरींची रांग. मी ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, बंद केला तर खालून आवाज, "गेलं की लगेच!" त्या दिवशी मी जिना उतरलो नाही.

शिकायला घेतलं पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं 1973 सालचं 'मनी' हे गाणं. आधी नाण्यांचा, गल्ल्याचा खणखणाट होतो आणि मग बेस एकटाच पुढं येतो. लपायला जागा नाही. वर त्या रिफला, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्याला, मात्रा सात. माझं उभं आयुष्य आठ मात्रांच्या केहरव्यात गेलेलं. भाजीवाली वर दोन मिरच्या टाकते तशी आठवी मात्रा मी प्रत्येक फेरीला फुकट टाकायचो. मधे गिटारच्या सोलोला गाणं चारच्या ठेक्यात येतं, तिथं जरा माहेरी आल्यासारखं वाटायचं. पण ते माहेरपण संपलं की पुन्हा सात.

बोटांचं तर विचारू नका. तार ओढायची उजव्या हाताच्या तर्जनीनं आणि मधल्या बोटानं. जेवायलाही नेमकी हीच दोन बोटं पुढं. चौथ्या दिवशी दोन्हींवर टपोरे फोड आले. कडक भाकरीचा तुकडा मोडताना एक फुटला आणि तेच बोट चटणीत गेलं. पुढचा अर्धा तास मी बोट ताकाच्या वाटीत बुडवून बसलो होतो. रॉकवाल्यांच्या व्यसनांबद्दल पुष्कळ ऐकलं होतं, ताकाबद्दल कुणी बोललं नव्हतं.

शेवटी समोरचे अण्णा आले. निम्मं आयुष्य यंत्रमागावर, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या तालात, चादरी विणण्यात गेलेलं. मला वाटलं, आवाजाची तक्रार असणार. ते कॉटवर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "धोटा अडकतोय तुमचा. दर फेरीला. तिकडं झोप लागंना मला."

"म्हणजे?"

"सात हायत की हे. आठवा हात कशाला मारताय? भजनात रूपक ताल नाही का ऐकला?" आणि कॉटच्या कडेवर बोटांनी सुरू, ती ती ना, धी ना, धी ना.

मी थोडं ज्ञान पाजळलं. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली म्हणजे बिनजोराची जागा असते, इथं तर तिथंच सगळा जोर आहे, वगैरे. अण्णांनी एक डोळा उघडला. "खाली-भरी मागनं बघू. आधी सात मोजा."

चाल पिंक फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सची आणि मुकादमी अण्णांची, असं तीन आठवडे चाललं. चुकलो की ते काही बोलत नसत, नुसती बोटं थांबायची. माग बंद पडल्यासारखी खोलीत शांतता.

परवा रविवारी ती थांबलीच नाहीत. दहा फेऱ्या झाल्या, वीस झाल्या, आठवी मात्रा कुठंही नाही. ताटं तालात थरथरत होती. अण्णा मान डोलवत होते. मी घामानं निथळत शेवटचा सूर सोडला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं.

"सूर जुळवून झाला असेल," आतून आवाज आला, "तर खरी मोटर लावा. टाकी रिकामी आहे."