नवीन घेऊन टाक ना!

"दोन तारा तुटल्यात का हो?"

ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम कुठलाही असो, हा प्रश्न विचारणारं कुणीतरी भेटतंच. विचारणारे बहुधा वयस्कर, सभ्य आणि खरोखरच काळजीत पडलेले असतात. लग्नाचं रिसेप्शन असेल तर हातात आइस्क्रीम असतं. बेस गिटारला मुळातच चार तारा असतात असं सांगितलं की "असं होय!" म्हणतात आणि लीड गिटारवाल्याकडे वळतात. त्याला सहा आहेत.

सासूबाईंचं वेगळं. गणपतीतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ त्यांनी फोनवर पाहिला आणि कळवलं, "सगळं छान झालं, पण जावईबापू, तुमचं मशीन बंद होतं वाटतं." आता यांना काय सांगावं? बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला जेमतेम 41 वेळा हलते. तेवढा खोल आवाज बाहेर ढकलणं फोनच्या नखाएवढ्या स्पीकरच्या कुवतीबाहेरचं आहे. हे मी नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग जरा जोरात वाजवत जा."

तर वाजवणाऱ्याखेरीज कुणाचं फारसं लक्ष नसलेल्या अशा वाद्यावर माणसाने किती जीव लावावा? आमच्या घरात या विषयावर मतदान झालेलं आहे आणि मी हरलेलो आहे.

माझा बेस जॅझ बेसच्या नमुन्याचा आहे. नमुन्याचा म्हणजे नक्कल. अस्सल जॅझ बेस फेंडर या गिटार कंपनीने 1960 साली कॅलिफोर्नियात काढला. माझा कुणी, कुठे आणि कुठल्या मनःस्थितीत बनवला हे सांगता येत नाही, कारण डोक्यावरचं नाव कुणीतरी ब्लेडने खरवडून काढलंय. बहुधा बनवणाऱ्यानेच. गल्फला निघालेल्या एका बेसवाल्याने जाता जाता तो मला विकला. "सांभाळा," म्हणाला. तेव्हा मला वाटलं, गदगदून म्हणतोय. ती सूचना होती.

रंग एके काळी मरून असावा. केबलचा जॅक सैल आहे. पिन आत खोचायची, पाऊण वळण फिरवायची, मग केसभर मागे घ्यायची आणि केबल पट्ट्यात अडकवून टाकायची. त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत डावीकडे वळून कुणाशी बोलायचं नाही. शिवाय त्याला घुंईं आहे. तारांना हात लागला की ती थांबते, कारण आजूबाजूच्या दिव्यांचा आणि वायरींचा गोंगाट गोळा करणारा अँटेना मीच असतो. तार धरली की मला अर्थिंग मिळतं. त्यामुळे निवेदकाच्या विनोदाला बाकीचे वादक टाळ्या वाजवतात तेव्हा मी एक हात तारांवर ठेवून नुसती मान डोलावतो. निवेदकाला वाटतं, याला विनोद कळत नाहीत. कळतात, पण टाळी वाजवली तर सगळ्या हॉलला घुंईं ऐकू जाईल. (विनोदही तेवढे काही ग्रेट नसतात.)

सगळ्यात नाजूक दुखणं बारीक तारेवर, सहाव्या फ्रेटला आहे. (फ्रेट म्हणजे नेकवर, वाद्याच्या दांड्यावर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या.) तिथला स्वर 'थप्प' करतो आणि विझतो. हे मात्र खानदानी दुखणं, भल्याभल्या फेंडरमध्येही सापडतं. त्या ठरावीक स्वराला नेकचं लाकूड स्वतःच थरथरू लागतं आणि तारेतला जोर पिऊन टाकतं. पावसाळ्यात तेच लाकूड दमट हवाही पितं, नेकचा बाक बदलतो आणि तारा फ्रेटवर खरखरू लागतात. मग ॲलन-की घेऊन नेकमधली लोखंडी सळई पाव आटा फिरवायची, रात्रभर थांबायचं, सकाळी वाजवून बघायचं आणि अर्धा पाव आटा उलटा फिरवायचा. दुरुस्तीवाल्याने एकदा बेस हातात घेऊन उजेडात तिरका धरला, एक डोळा मिटून नेककडे बघितलं आणि म्हणाला, "याच्यावर खर्च करू नका." डॉक्टर निदान पेशंटला बाहेर बसवून तरी बोलतात.

तारांचा चांगला संच दोन-अडीच हजारांच्या घरात जातो. या बाबतीत बेसवाल्यांत दोन पंथ आहेत. एक, तारा कधीच न बदलणारे. त्यांचं दैवत जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली कितीतरी गाणी या माणसाने एकाच बोटाने वाजवली. 1962 सालचा फेंडरचाच प्रिसिजन बेस, त्यावर जाड गुळगुळीत तारा, आणि तुटेपर्यंत त्या बदलायच्या नाहीत. सगळी मजा त्या मळात आहे, असं त्याचं मत. दुसरा पंथ तारा उकळणाऱ्यांचा. वळणांच्या तारांच्या खाचांत बोटांचं तेल आणि मळ बसून आवाज मंद होतो. दहाएक मिनिटं उकळल्या की तो सुटतो आणि तारा काही दिवस खणखणतात. मी कुठल्या पंथात आहे हे मागच्या कार्यक्रमाच्या पाकिटात किती निघालं त्यावर ठरतं.

उकळण्याचं काम रविवारी दुपारी, घर झोपल्यावर करावं लागतं. तारा वेटोळी करून भाताच्या पातेल्यात सोडल्या, पाणी खदखदू लागलं आणि वर राखाडी तवंग आला. मी तो डावाने काढतोय, एवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "काय शिजतंय?" मी सांगितलं. ती पातेल्यात बघत राहिली. "म्हणजे ही इतक्या महिन्यांची घाण, आणि तू त्याच हातांनी जेवायला बसायचास." मग मी जेमर्सनचा दाखला दिला. तिने विचारलं, "त्याचं पातेलं कुठलं होतं?"

तेव्हापासून 'नवीन घेऊन टाक ना' या मोहिमेने जोर धरला. हप्त्यांचं कोष्टक तिने स्वतःच मांडलं. आम्ही दुकानात गेलो. नवा बेस अप्रतिम होता, खोटं कशाला बोलू? जॅक घट्ट, घुंईं नाही, सहाव्या फ्रेटचा स्वर चहा पिऊन येईपर्यंत टिकेल असा. मी राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातल्या टोनी वाझ यांच्या दोन-चार जागा वाजवून पाहिल्या. ऑर्केस्ट्रात आम्हाला त्या जशाच्या तशा वाजवाव्या लागतात, आणि श्रोते तेव्हा गायिकेची साडी बघत असतात. जागा स्वच्छ वाजल्या. इतक्या स्वच्छ की माझी सगळी बोटं कुठे कुठे चुकतात ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं. माझा बेस ते पोटात घालतो. हे दुकानदारासमोर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी "जरा जड वाटतोय" म्हणालो. त्याने वजन करून दाखवलं. माझा जास्त भरला असता.

घरी मी थोरामोठ्यांची उदाहरणं दिली. जाको पास्टोरियस या अमेरिकन बेसवाल्याने आपल्या 1962 च्या जॅझ बेसचे फ्रेट उपटून काढले, खाचा बुजवल्या आणि वर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं. 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतून तो बेस चोरीला गेला. वीसेक वर्षांनी सापडला तेव्हा तो जाकोच्या कुटुंबाकडे परत जावा म्हणून मेटालिका बँडचा बेसवाला रॉबर्ट ट्रुहिओ याने पदरचे पैसे घातले. "बघ," मी म्हटलं, "लोक दुसऱ्याच्या बेससाठीसुद्धा पैसे मोजतात." तिने हे नोंदवून घेतलं, पण वेगळ्या अर्थाने. संध्याकाळी मी घरात नसताना माझ्या बेसचा फोटो काढला जात होता, असं मुलाने सांगितलं.

मग मी हुकमी पान टाकलं: बीटल्सचा बेसवाला पॉल मॅकार्टनी. 1961 साली हॅम्बुर्गमध्ये त्याने व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला, सुमारे तीस पौंडांना. फेंडर परवडत नव्हता, आणि हा डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही, हे त्याचं कारण. बीटल्सच्या सुरुवातीच्या गाण्यांत हाच वाजतो. 1972 मध्ये लंडनला व्हॅनमधून तो चोरीला गेला. एवढा मोठा माणूस, हवे तेवढे बेस विकत घेऊ शकतो, तरी शोध काही सुटला नाही, आणि पन्नासहून जास्त वर्षांनी तो त्याला परत मिळाला.

"कुठे होता इतकी वर्षं?"

"इंग्लंडमध्येच, एका घराच्या माळ्यावर."

"आणि वाजतो अजून?"

"दुरुस्त करून घेतला की वाजणारच."

"म्हणजे माळ्यावर पन्नास वर्षं ठेवला तरी काही होत नाही," ती म्हणाली आणि शिडी कुठे आहे ते मुलाला विचारलं.

बेस माळ्यावर गेला नाही, कारण शनिवारी सुपारी होती. कार्यक्रमात आमच्या आधी कॉलेजच्या पोरांचा बँड होता. त्यांच्या बेसवाल्याचा बेस चकचकीत, पाच तारांचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. ऐन वेळी बॅटरी उतरली. पोरगा घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "काका, दोन गाण्यांपुरता द्याल?"

मी दिला. जॅकचं पाऊण वळण सांगितलं, डावीकडे वळू नको म्हटलं. घुंईंचं सांगायचं राहिलं. पहिलं गाणं संपल्यावर त्याने आनंदाने दोन्ही हात वर केले आणि साउंडवाला कन्सोलवरून ओरडला, "बेस, हम येतोय!" म्हणजे घुंईं. पोराने घाबरून तारा गच्च धरल्या. शांत. सोडल्या, घुंईं. धरल्या, शांत. दुसरं गाणं त्याने माझ्यासारखंच मान खाली घालून वाजवलं.

उतरून बेस परत देताना म्हणाला, "काका, भारी आहे हो. फक्त तो सहावा फ्रेट मेलाय."

"मी तिथे जातच नाही," मी म्हटलं. "पाचव्यावरून थेट सातव्यावर."

"मग तो स्वर आला की?"

"खालच्या तारेवर अकराव्याला मिळतो. हात लांबवायचा."

त्याने तिथल्या तिथे लांबवून बघितला, दोनदा वाजवला आणि विचारलं, "विकणार आहात का?"

माझ्या घरच्यांचा नंबर कुणीतरी त्याला देण्याच्या आत मी बेस पिशवीत घालून चेन लावली.