कारण सांगा की ओ!

"नमस्कार, मी आत्ता फोन घेऊ शकत नाही." हे वाक्य मी गेल्या मंगळवारी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका मोबाईलच्या दुकानात, भर दुपारी, परक्या माणसांसमोर नऊ वेळा म्हटलं. फोन माझ्या हातातच होता.

याला कारण आमची मुलगी. ती न्यू जर्सीत असते. तिनं फोन उचलला नाही की मी तिच्या व्हॉइसमेलवर निरोप ठेवतो. तिकडचा फोन तो निरोप नुसता ऐकवत नाही, लिहूनही दाखवतो. फक्त जगातली समस्त माणसं इंग्रजीतच बोलतात असं धरून चालतो. मी प्रेमानं म्हटलं होतं, "अगं, मी बाबा बोलतोय." तिच्या पडद्यावर उमटलं, 'अग्ली मी बाबा बॉल टॉय'. जावईबापूंनी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली एकवीस जणांनी हसणारी तोंडं टाकली, त्यात माझे सख्खे व्याहीसुद्धा. असो.

वर मुलीचा हुकूम आला : "बाबा, तुम्ही तर फोन कधीच उचलत नाही. दिलेल्या आयफोनवर व्हिज्युअल व्हॉइसमेल चालू करून घ्या."

ही सोय अमेरिकेत 2007 साली पहिल्या आयफोनबरोबरच आली. साध्या व्हॉइसमेलला नंबर लावून निरोप एकामागून एक ऐकावे लागतात, रेशनच्या रांगेसारखे. व्हिज्युअलमध्ये सगळ्यांची यादीच समोर येते. बायकोचा आधी ऐका, विमा एजंटाचा न ऐकता पुसून टाका. कल्पना झकास. मी बटण दाबलं. यादी नाही, बिदी नाही, फोननं सरळ कुणाला तरी कॉल लावला आणि एक बाई कानडीत बोलायला लागल्या. कानडीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मी चाराची वाट बघत बसलो. चार आलाच नाही.

कानडीशी माझं भांडण नाही. शेजारच्या वहिनींशी मी चाळीस वर्षं कानडीतच साखर उसनी घेतोय. पण ज्या गावात भाजीवालीपासून बँकेतल्या शिपायापर्यंत निम्मा व्यवहार मराठीत चालतो, तिथं एक आकडा मराठीला द्यायला यांचं काय जातं? हाच फोन घेऊन शिनोळीपर्यंत गेलं की महाराष्ट्राचा टॉवर लागतो आणि स्वागताचा मेसेज येतो. मधलं अंतर एका वडाप जीपचं. आम्ही सीमाभागातली माणसं 1956 पासून होल्डवर आहोत. 2004 सालापासून तर सर्वोच्च न्यायालयातल्या लायनीवर. त्यामुळं 'कृपया प्रतीक्षा करा' हे आम्हाला कुठल्याही भाषेत कळतं. राहू दे. व्हॉइसमेलचा विषय आहे, उगाच रक्तदाब वाढायचा.

तर दुकान. काउंटरवरच्या पोरानं फोन बघितला आणि म्हणाला, "काका, यादीवालं येत नाही री. फोनमध्ये बटण असून उपयोग नाही, सिमवाल्या कंपनीनं पण ते दिलं पाहिजे. साधं करून देतो, चालतंय?" चालतंय म्हटलं. त्यानं मिसलेले कॉल तिकडं वळवले, कानडी बाईंना कुठले कुठले आकडे दाबून गप्प केलं आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "बीप झाला की बोला."

मी बीपच्या आधीच बोललो. दोनदा.

तिसऱ्या वेळेला शेजारच्या स्टुलावरून आवाज आला, "काय करालाय मास्तर?"

मी मास्तर नाही. बँकेत होतो. पण चष्मा आणि खिशाला पेन असला की खानापूरकडची माणसं थेट मास्तर करून टाकतात. हे मामा पांढरी टोपी घालून, मांडीवर मिरच्यांची पिशवी घेऊन, आपल्या बटणांच्या फोनचा स्पीकर दुरुस्त व्हायची वाट बघत होते. त्यांना दुसरं काहीही काम नव्हतं.

"मी फोन उचलला नाही, तर हे मशीन बोलणार," मी सांगितलं.

"का उचलत नाही?"

"नाही म्हणजे, कधी कामात असलो तर..."

"रिटायर झालाय न्हवं?"

मी गप्प बसलो आणि बीपनंतर म्हटलं, "नमस्कार, मी आत्ता फोन घेऊ शकत नाही..."

"कारण सांगा की ओ!"

पोरानं परत पहिल्यापासून लावलं.

"कारण नाही सांगितलं," मामा समजुतीच्या सुरात म्हणाले, "तर माणूस काय म्हणणार? ह्यानं कुणाचं तरी पैसं घेतल्यात, तोंड चुकवालाय. आंघोळीला गेलोय म्हणा."

"दिवसभर?"

"मग शेताकडं."

"शेत नाही मला."

मामांनी माझ्याकडं फार दयेनं बघितलं. थोडा विचार केला. "तर मग मयताला गेलोय म्हणून सांगा. मयताला गेलेल्याला कोण कायबी इचारत नाही."

टेम्पर्ड ग्लास लावायला आलेली कॉलेजची मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. मामांना तेवढं पुरलं. निरोप ठेवायचाच कशाला, हे ते आता सगळ्या दुकानाला समजावून सांगू लागले. त्यांच्या घरी एक रिंग म्हणजे भाकरी झाली. दोन म्हणजे येताना चहापूड. तीन म्हणजे पाहुणे आल्यात, मागल्या दारानं या. "फुकटात! आणि कुठलं बटण नको, कुठली बाई नको." खरं सांगतो, मला यावर काही बोलता आलं नाही.

नवव्या खेपेला पोरगं वैतागून म्हणालं, "झालं काका, सेव्ह." आणि शंभर रुपये घेतले.

घरी आल्यावर तीन दिवसांत सात निरोप आले. यादी नाही, म्हणून ओळीनं ऐकले. पहिल्या पाचांत माणसांचा श्वास, मागं स्कूटरचा हॉर्न, आणि "ठेव गं, मशीन हाय" असलं काहीबाही. सहावा मेहुण्याचा : "भावजी, कारण काय ते तरी सांगा." सातवा मुलीचा, तिला बोलताच येत नव्हतं इतकी हसत होती.

तेव्हा मी माझ्याच नंबरवर बायकोच्या फोनवरून कॉल लावला आणि उचलला नाही. माझा आवाज आला, सभ्य, बँकेतला : "नमस्कार, मी आत्ता फोन घेऊ शकत नाही." आणि लगेच मागून, माझ्याहून खणखणीत : "कारण सांगा की ओ!"

त्याच संध्याकाळी त्या पोराला फोन केला. त्यानं सांगितलं, ##002# दाबा, सगळं वळवलेलं बंद होतंय. दाबलं. झालं बंद. शंभर रुपये परत मागायचे राहिले.

काल गणपत गल्लीत भाजी घेत होतो. पलीकडच्या मिरचीच्या ढिगामागून टोपी वर आली.

"मास्तर! मग, काय सांगितलासा? मयतच न्हवं?"