'शून्यच तर आहे' म्हणून पूर्णांकात ढकलू नका

ऑटोमॅटिक डिफरन्सिएशन (प्रोग्रॅममधल्या गणिताचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, आपोआप काढण्याची पद्धत) वापरणाऱ्यांत एक मत सर्रास ऐकू येतं : "संख्या पूर्णांकात बदलली की डेरिव्हेटिव्ह शून्यच. मग लायब्ररी अडवते कशाला? गुपचूप बदलू द्यावं."

"डेरिव्हेटिव्ह शून्यच." पूर्णांकात बदलण्याचा आलेख पायऱ्यांसारखा असतो; पायरीच्या सपाट भागावर, हो. पायरी बदलते तिथे तो नसतोच. यावर मी भांडणार नाही.

"शून्य, म्हणजे नोंद नको." खरी गोची इथे आहे. लायब्ररी आकडेमोडीची नोंद 'टेप'वर ठेवते, म्हणजे ती नव्या इनपुटसाठी पुन्हा चालवता येते. डेरिव्हेटिव्ह शून्य असणं वेगळं आणि इनपुटवर अवलंबून नसणं वेगळं. समजा तक्ता ०, १, ४, ९ असा आहे (क्रमांक ० पासून) आणि मधली किंमत सरळ रेषेने काढायची आहे. इनपुट २.७ असताना त्याचा पूर्णांक भाग, म्हणजे क्रमांक २, उत्तर ४ + ०.७ × ५ = ७.५, उतार ५. सगळं बरोबर. आता हीच टेप १.२ साठी पुन्हा चालवा. क्रमांक बदलण्याची नोंदच नसल्याने तो २ वरच गोठलेला! उत्तर येतं ४ − ०.८ × ५ = ०. यायला हवं होतं १.६. उतारही ३ ऐवजी ५. एरर एकही नाही.

"आपोआप रूपांतर दिलं तर कोड सुटसुटीत होतो." सी प्लस प्लसमध्ये अशा संख्येच्या क्लासला पूर्णांकात जाणारं आपोआप रूपांतर देऊन बघा. कुणी प्रमाण लायब्ररी 'एसटीडी'मधला, ऋण चिन्ह काढणारा 'अ‍ॅब्स' बोलावला, की कंपायलर निमूटपणे पूर्णांकांचा 'अ‍ॅब्स' निवडतो. −०.७ चं शून्य झालं, डेरिव्हेटिव्हही गेला. असा बग शोधायला बसलात तर दिवस जातो.

"मग बंदीच घाला." तेही नको, वरचा तक्ता पूर्णांकाशिवाय वाचणार कसा? सीपीपी-एडी या सी प्लस प्लसच्या लायब्ररीत रूपांतराचं वेगळं फंक्शन हाताने लिहून बोलवावं लागतं. ते टेपवर उतरत नाही. टेप पुन्हा चालवायची असेल तर तिथेच डिस्क्रीट फंक्शन आहे : डेरिव्हेटिव्ह शून्य, पण किंमत दर वेळी नव्याने काढली जाते. जॅक्स या पायथन लायब्ररीत 'जिट' केलेल्या (चालवताना कंपाइल होणाऱ्या) फंक्शनच्या इनपुटवर पूर्णांक करणारं 'इंट' लावलात तर थेट एरर. पायटॉर्च या लायब्ररीचं पूर्णांक करणारं 'लाँग' मात्र ग्रेडियंटची (डेरिव्हेटिव्हची) साखळी न बोलता तोडतं, आणि दुसऱ्या वाटेने ग्रेडियंट येत असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आणि इनपुट ऋण असेल तर 'इंट' −०.३ चं ० करतं, खालचा पूर्णांक देणारं 'फ्लोअर' −१. तक्त्याचा क्रमांक काढताना बहुधा 'फ्लोअर'च हवं असतं.