‘येस’ला नाही कसे म्हणावे

१९६८ साली लंडनमध्ये गायक जॉन अँडरसन आणि बासवादक ख्रिस स्क्वायर यांनी एक रॉक बँड उभा केला आणि त्याचे नाव ‘येस’ असे ठेवले. इतके होकारार्थी नाव घेतलेल्या या मंडळींना जे चाहते लाभले, ते मात्र गेली कित्येक दशके प्रामुख्याने ‘नाही’ म्हणण्यात गुंतलेले आहेत. हा खरा ‘येस’ नाही, ही ती लय नाही, हा तो आवाज नाही. आपण अलीकडेच या संगीताच्या प्रेमात पडला असाल आणि नुसते ऐकून समाधान मानत असाल, तर ही अवस्था फार काळ टिकू देऊ नये. ऐकणे कोणालाही जमते. चाहता म्हणवून घ्यायचे तर मत लागते, आणि ते पुढच्या कार्यक्रमाचे तिकीट काढण्यापूर्वीच तयार असावे लागते.

सर्वप्रथम ‘येस’ नेमका कधी संपला, ती तारीख ठरवून घ्यावी. पर्याय भरपूर आहेत. १९७२ साली ड्रमवादक बिल ब्रुफर्ड ‘किंग क्रिमसन’ या दुसऱ्या बँडमध्ये गेला त्या दिवशीच सारे आटोपले, असे मानणारा एक कर्मठ पंथ आहे. १९७४ साली कळफलकवादक रिक वेकमन आपला झगमगता झगा आवरून बाहेर पडला तेव्हा, १९८० साली अँडरसनच गेला तेव्हा, १९८३ साली गाण्यावर चक्क नाचता येऊ लागले तेव्हा, किंवा २०१५ साली स्क्वायर वारला तेव्हा, अशा इतरही तिथ्या पाळल्या जातात. निवड करताना फार डोके शिणवू नये. आपण हा बँड ज्या वर्षी प्रथम ऐकला, त्यानंतरची कोणतीही सोयीची तारीख चालते. फक्त आपली तारीख हे तत्त्व असते आणि दुसऱ्याची तारीख म्हणजे तारुण्याच्या आठवणींचा उमाळा, हा भेद बोलताना सुटू देऊ नये.

तारीख ठरली की ‘क्लासिक लाइनअप’ हा शब्द आदराने उच्चारायला शिकावे. अँडरसन, स्क्वायर, गिटारवादक स्टीव्ह हाऊ, वेकमन आणि ब्रुफर्ड ही ती पाच नावे. या सुवर्णयुगाविषयी बोलताना ते किती काळ टिकले, हे मात्र सांगत बसू नये. वेकमन १९७१ च्या ऑगस्टमध्ये आला आणि ब्रुफर्ड १९७२ च्या जुलैमध्ये गेला, म्हणजे ज्या युगासाठी लोक पन्नास वर्षे उसासे टाकत आहेत ते पुरते एक वर्षसुद्धा चालले नाही. ‘फ्रॅजाइल’ आणि ‘क्लोज टु द एज’ हे दोन अल्बम त्यातून निघाले, आणि त्यांतला दुसरा सप्टेंबरमध्ये दुकानात पोहोचला तेव्हा त्याचा ड्रमवादक बँडमध्ये उरलेलाही नव्हता. त्याच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइटने म्हणे तीन दिवसांत सारी रचना आत्मसात केली आणि तो दौऱ्यावर निघाला. पुढे तो जवळजवळ पन्नास वर्षे ड्रमवर बसला, तरीही काही कर्मठांच्या लेखी तो अखेरपर्यंत ‘नवा’च होता. आपणही त्यांचेच अनुकरण करावे.

येथे एक धोक्याची सूचना आहे. ‘मूळ सदस्य’ हा शब्द कोणी उच्चारलाच, तर विषय बदलावा. मूळ संचात गिटारवर पीटर बँक्स होता आणि कळफलकावर टोनी के होता. हाऊ आला तो १९७० साली, दोन अल्बम झाल्यानंतर, बँक्सच्या जागी. वेकमन आला तो टोनी केच्या जागी. म्हणजे क्लासिक संचातल्या पाचांपैकी दोघे बदली कामगार होते. आज ज्या हाऊला आपण ‘त्या काळातला शेवटचा शिलेदार’ म्हणून ओवाळतो, तोच काटेकोर हिशेबाने पहिला उपरा ठरतो. हा हिशेब कोणी मांडू लागला की घड्याळाकडे पाहावे.

ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स यांच्या बाबतीत धोरण लवचिक ठेवावे. १९८० साली हे दोघे ‘द बगल्स’ या पॉप जोडीतून थेट ‘येस’मध्ये आले आणि निष्ठावंतांच्या पोटात गोळा उठला, कारण व्हिडिओने रेडिओच्या ताऱ्याचा जीव घेतला असे गाणाऱ्या इसमाने अँडरसनच्या पट्टीत गावे हे शोभणारे नव्हते. अँडरसनची पट्टी तर अशी, की एरवी बरे गाणारा गायकही तिच्या पायथ्याशी बसून दम खातो. हॉर्नचीही दौऱ्यात दमछाक झाली, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी बँडच मोडला. पण त्या संचाचा ‘ड्रामा’ हा अल्बम आता ‘उपेक्षित ठेवा’ या सदरात जमा झाला आहे, तेव्हा त्याची निंदा करून आपले अज्ञान उघडे पाडू नये. नियम साधा आहे: बदल ताजा असेपर्यंत तो घात असतो, आणि त्याला तीसेक वर्षे झाली की त्याचे नाव परंपरा पडते.

या नियमाला एकच अपवाद आहे, तो ट्रेव्हर रॅबिन. १९८३ साली स्क्वायर, व्हाइट, के आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेला हा गिटारवादक ‘सिनेमा’ या नावाने नवा बँड जमवत होते; त्यात अँडरसन येऊन गायला आणि सिनेमाचा ‘येस’ झाला. अल्बमला नाव सुचेना म्हणून कंपनीचा अनुक्रमांकच नाव म्हणून छापला, ‘९०१२५’. त्यातले ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. आता एखादा बँड लोकप्रिय व्हावा, हे चाहत्याला सहन कसे व्हावे? अठरा मिनिटांची रचना डोळे मिटून ऐकण्याची तपश्चर्या ज्याने केली, त्याच्या शेजारी केवळ चार मिनिटांच्या गाण्यावर आलेला माणूस त्याच किमतीच्या खुर्चीत बसतो, हा अन्याय आहे. रॅबिनप्रेमी भेटला तर त्याच्याशी सौजन्याने वागावे आणि निरोप घेताना ‘गाणे चांगले आहे, पण ते येस नव्हे’ एवढे वाक्य हळुवारपणे म्हणावे. हेच गाणे हाऊने वाजवले तर आणखी वेगळा आक्षेप घेता येतो. तो राखून ठेवावा.

नावाचा कायदा समजून घेतल्याखेरीज मात्र आपले मत अपुरे राहील. १९८९ साली अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाऊ पुन्हा एकत्र आले, म्हणजे क्लासिक पाचांपैकी चार. पण नावावर हक्क पाचव्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा असल्यामुळे या चौघांना आपली आडनावे ओळीने छापावी लागली आणि तो फलक एखाद्या वकिली पेढीचा वाटू लागला. आपल्याकडे संगीत नाटकांच्या काळात नट फुटला की नवी मंडळी निघत असे, आणि आजही जुने नाटक ‘नव्या संचात’ अशी जाहिरात देऊन निःसंकोच उभे राहते. प्रेक्षकही फार तर पहिल्या संचाची आठवण काढून चहा पितात. इंग्रजांना हा साधेपणा जमला नाही. त्यांनी १९९१ साली दोन्ही फळ्या एकत्र करून आठ जणांचा ‘युनियन’ घडवला, ज्याच्या मुद्रणात भाड्याच्या वादकांचाही भरपूर हात होता. वेकमन त्या अल्बमला ‘अनियन’ म्हणतो, कारण ऐकताना डोळ्यांत पाणी येते. दौऱ्यात मात्र हे आठही जण सभागृहाच्या मधोमध फिरत्या रंगमंचावर उभे राहिले, आणि ‘खरा येस कोणता’ या प्रश्नाला प्रथमच ‘सगळेच’ असे उत्तर मिळाले. त्यामुळे चाहत्यांची जी अडचण झाली, तिची कल्पना करावी. सुदैवाने ती स्थिती फार काळ टिकली नाही.

२०१७ साली तर याहून सरस योग आला. एप्रिलमध्ये ब्रुकलिन येथे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने ‘युनियन’च्याच आठ जणांचा सन्मान केला, दुरावलेल्या दोन्ही गटांतले लोक एका रंगमंचावर आले, दिवंगत स्क्वायरच्या जागी ‘रश’ या बँडच्या गेडी लीने बास वाजवला, आणि पाहणाऱ्यांना गहिवरून आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत अँडरसन, रॅबिन आणि वेकमन यांनी आपल्या त्रयीच्या नावाआधी ‘येस’ जोडला. हाऊ आणि व्हाइट यांचा ‘येस’ होताच. अशा रीतीने बँडच्या पन्नाशीला, २०१८ साली, दोन ‘येस’ एकाच वेळी दौऱ्यावर होते: एकाकडे आवाज होता आणि दुसऱ्याकडे नाव. अशा वेळी शहाण्या चाहत्याने दोन्हीकडे जावे आणि दोन्हीकडून असमाधानी परतावे. एकाच कार्यक्रमाला जाऊन मत बनवणे हे उथळपणाचे लक्षण समजले जाते.

मराठी वाचकाला या वादात एक जन्मजात सवलत आहे, ती त्याने सोडू नये. १९७३ सालचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा चार बाजूंचा, ऐंशीएक मिनिटांचा अल्बम परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचलेला आहे. संपूर्ण ग्रंथ बाजूलाच राहिला. श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्र यांविषयीच्या एका तळटीपेतून अँडरसनला चार रचना दिसल्या. वेकमनला त्या दिसल्या नाहीत. त्यानेच पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, मँचेस्टरच्या कार्यक्रमात इतरांची समाधी लागलेली असताना त्याच्या कळफलकाखाली बसलेल्या मदतनिसाने त्याला काय हवे असे विचारले, त्याने खाण्याची यादी सांगितली, आणि थोड्या वेळाने विंदालूचा वास रंगमंचावर दरवळू लागला. म्हणजे अध्यात्म बंगालच्या योग्याचे आणि रस्सा गोव्याच्या वळणाचा. या अल्बमवर आपल्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा असणार? शास्त्रांविषयी एखादे गूढ वाक्य टाकावे. तपासणारा कोणी नसतो.

गायकाच्या प्रश्नावर तर स्वर कठोरच ठेवावा. २००८ साली अँडरसन गंभीर आजारी पडला, ठरलेला दौरा रद्द झाला, आणि स्क्वायरने बेन्वा डेव्हिड या कॅनडातल्या गायकाला शोधून काढले, जो ‘येस’चीच गाणी गाणाऱ्या एका ट्रिब्यूट बँडमध्ये होता. त्याच दौऱ्यात कळफलकावर वेकमनचा मुलगा ऑलिव्हर बसला, म्हणजे एका खुर्चीवर नक्कल आणि दुसरीवर वारसा. डेव्हिडनंतर २०१२ साली जॉन डेव्हिसन आला. त्यालाही ट्रिब्यूट बँडचा अनुभव होता. येथे आक्षेपाची सुंदर दुधारी रचना शक्य आहे: नवा गायक अँडरसनसारखा गायला तर तो नकलाकार, आणि वेगळा गायला तर हे ‘येस’ नव्हेच. डेव्हिड ज्या अल्बममध्ये गायला, त्या ‘फ्लाय फ्रॉम हिअर’चे पुढे २०१८ साली काय झाले, हेही लक्षात ठेवावे: त्याचा आवाज काढून टाकून तेथे हॉर्नचा भरला गेला. बँड स्वतःच जुन्या अल्बमचा संच बदलू लागला, तर चाहत्यांनी एकट्यानेच का संयम पाळावा?

प्रत्यक्ष कार्यक्रमात लक्ष ठेवण्याच्या जागा थोड्या आहेत. ‘राउंडअबाउट’ हे त्यांचे गाजलेले गाणे वाजवले तर ‘पुन्हा तेच’ म्हणावे, आणि न वाजवले तर फसवणूक झाल्याचा चेहरा करावा. २०१३ साली त्यांनी तीन जुने अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकाच रात्री सादर केले, तेव्हा ‘हे संगीत की वस्तुसंग्रहालय’ असे विचारणारे आणि ‘क्रम बदलला नाही ना’ हे तपासणारे लोक बहुधा एकच होते. नवे गाणे लागले की स्वच्छतागृहाकडे जावे. परत आल्यावर बँड नवे काही करत नाही अशी तक्रार करायला मन मोकळे असते. लयीबद्दल तर बोललेच पाहिजे. १९७३ सालच्या ‘येससाँग्ज’ या ध्वनिमुद्रणात हीच गाणी कशी दौडतात आणि आता कशी चालतात, ते मांडीवर ठेका धरून शेजाऱ्याला दाखवावे. हाऊ १९४७ साली जन्मला आहे आणि आपणही जिना चढताना मध्ये थांबला होता, हा मुद्दा गैरलागू आहे. (आमच्याकडे लय उतरली की तिला विलंबित म्हणून माना डोलावण्याची सोय आहे. रॉकमध्ये ती नाही, हे या कलाप्रकाराचे दुर्दैव.)

मृत्यूच्या बाबतीत पंचाईत होते. २०१५ च्या मे महिन्यात स्क्वायर रक्ताच्या कर्करोगाने आजारी असल्याचे जाहीर झाले आणि त्याच्या जागी बिली शेरवूड वाजवील असे ठरले. जूनमध्ये तो गेला, आणि ऑगस्टमध्ये बँड त्याच्याशिवाय प्रथमच रंगमंचावर उभा राहिला. तोवरच्या एकूण एक अल्बमवर असलेला तो एकच माणूस होता. त्याच्याशिवाय ‘येस’ अशक्य, असे आपण म्हणालच. फक्त शेरवूड त्याचा जुना सहकारी होता, हे वाक्याच्या ओघात येऊ देऊ नये. व्हाइटचेही तसेच. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तो काही गाण्यांपुरता येऊन बसे आणि बाकीची गाणी जे शेलन नावाचा दुसरा ड्रमवादक वाजवी. त्यावर ‘मग त्याला आणताच कशाला’ असे कुजबुजणारेच २०२२ च्या मे महिन्यात तो गेल्यावर ‘आता काय उरले’ असे म्हणू लागले. दोन्ही वाक्ये पाठ करून ठेवावीत.

आणि तरीही एखाद्या संध्याकाळी आपण खुर्चीत बसलेले असाल, दिवे मालवतील, ध्वनिफितीवर स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘फायरबर्ड’चा शेवटचा भाग चढत जाईल, ज्यावर हा बँड १९७०च्या दशकापासून रंगमंचावर येत आला आहे, आणि आपल्या अंगावर काटा येईल. घाबरून जाऊ नये; अंधार असतो. हाऊची गिटार सुरू होईपर्यंत चार-पाच क्षण मिळतात, तेवढ्यात डोळे पुसून, चष्मा नीट करून, लय किती उतरली आहे ते मोजायला सुरुवात करावी.