बेंबीमागे कोणतीही ग्रंथी नाही

रात्री झोपण्यापूर्वी बेंबीत तेलाचे तीन थेंब घाला, असं सांगणारा संदेश गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मराठी व्हॉट्सअॅप गटांत पुन्हा पुन्हा फिरतो. भजनी मंडळाच्या गटात येतो, जत्रेच्या निरोपांच्या मधोमध देवस्थानाच्या गटातही येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: एका 62 वर्षांच्या गृहस्थांना डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं, तपासणीत डोळा ठीक, पण त्याला रक्त पुरवणाऱ्या शिरा सुकलेल्या निघाल्या. उपाय बेंबीत. कारण गर्भात सगळ्यांत आधी नाभी तयार होते, मृत्यूनंतरही ती तीन तास ऊबदार राहते, तिच्यामागे ‘पेचोटी’ नावाची ग्रंथी असते आणि तिला 72,000 शिरा जोडलेल्या असतात. तेल घातलं की कोणती शीर सुकली आहे हे नाभी ओळखते आणि तेल तिकडे धाडते. डोळ्यांना खोबरेल, गुडघ्यांना एरंडेल, मुरुमांना कडुनिंबाचं तेल, अशी यादीही आहे. शेवटी, बाळाचं पोट दुखलं तर बेंबीभोवती हिंग आणि तेल लावा, काही मिनिटांत दुखणं जाईल.

अंगाला, डोक्याला, बेंबीला खोबरेल लावण्याची आपली जुनी सवय आहे आणि कोरड्या त्वचेला ते चांगलंच असतं. तेलाशी माझं भांडण नाही. शरीराबद्दल खोटं सांगून, ज्या दुखण्यांत तासांचा हिशेब असतो त्या दुखण्यांत माणसाला घरी थांबवणाऱ्या मजकुराशी आहे.

आधी ती ग्रंथी. थायरॉईड गळ्यात असते, स्वादुपिंड जठराच्या मागे, अॅड्रिनल मूत्रपिंडांच्या माथ्यावर. बेंबीमागे ‘पेचोटी’ किंवा दुसऱ्या कोणत्याही नावाची ग्रंथी नसते. तिथे त्वचा, तिच्याखाली पोटाच्या स्नायूंच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यात राहिलेली एक बुजलेली कडी, मग पोटाचं आतलं पातळ अस्तर, आणि त्यापलीकडे चरबीचा पडदा व लहान आतडं. ती कडी कच्ची राहिली तर तिथून आतडं किंवा चरबी बाहेर डोकावते; त्यालाच बेंबीचा हर्निया म्हणतात. गोव्यात 1842 साली पोर्तुगीज राजवटीत वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि तिचाच वारसा आज बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, चालवतं. शवविच्छेदन करून शरीररचना शिकलेल्या डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या या मातीत होऊन गेल्या. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा.

त्याहून सोपा पुरावा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आहे. पित्ताशय काढताना सर्जन बहुतेक वेळा दुर्बिणीसाठी पहिलं छिद्र बेंबीतच किंवा तिच्या काठाशी पाडतात. का? पोटाची भिंत तिथे सगळ्यांत पातळ असते, आणि मधल्या त्या पट्ट्यात मोठ्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे रक्तस्राव कमी होतो. त्या जागी 72,000 शिरा एकवटलेल्या असत्या, तर कोणताही सर्जन तिथे सुरी लावायला धजला नसता.

मग हा आकडा आला कुठून? तो जुना आहे, आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे. बृहदारण्यक उपनिषदात ‘हिता’ नावाच्या 72,000 नाड्यांचा उल्लेख येतो, पण त्या तिथे हृदयातून पसरतात, नाभीतून नव्हे. पुढच्या योगग्रंथांत नाड्यांचं मूळ नाभीच्या खालच्या कंदात, म्हणजे एका गड्ड्यासारख्या केंद्रात, सांगितलं आहे. मात्र तिथे नाडी म्हणजे प्राणाची वाट, रक्त वाहून नेणारी नळी नव्हे. सुश्रुतांनी शिरांचं मूळ नाभी मानलं हेही खरं, पण त्यांचा आकडा 700 आहे. त्याच सुश्रुतांनी शरीर पाण्यात सात रात्री ठेवून, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने थर हळूहळू घासत स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला सांगितलं. परंपरेचा मान ठेवायचा असेल तर ही पाहून खात्री करण्याची रीत तिच्यात सगळ्यांत मोलाची आहे. आधुनिक शरीरशास्त्राने पाहून मोजलेले आकडे असे: मेंदूतून निघणाऱ्या चेतातंतूंच्या 12 जोड्या, मज्जारज्जूतून निघणाऱ्या 31. बेंबीपासून एकही सुरू होत नाही.

नाभी सगळ्यांत आधी तयार होते, हेही चूक. सर्वांत आधी काम सुरू करणारा अवयव म्हणजे हृदय. गर्भधारणेनंतर साधारण 22व्या दिवशी त्याची धडधड सुरू होते. नाळ त्यानंतरच्या आठवड्यांत आकार घेते, आणि बेंबी तर जन्मानंतरची. नाळ कापली, देठ सुकून गळून पडला की मागे उरतो तो वण म्हणजे बेंबी.

या वणाची खरी गोष्ट त्या संदेशापेक्षा कितीतरी सुंदर आहे, म्हणून इथे थोडं थांबते. नाळेत 72,000 नव्हे, तीन रक्तवाहिन्या असतात: दोन रोहिण्या आणि एक शीर. गंमत अशी की एरवी बहुतेक रोहिण्या शुद्ध रक्त नेतात आणि शिरा अशुद्ध; नाळेत उलट असतं. आईच्या वारेकडून प्राणवायू आणि अन्न घेऊन येणारं रक्त त्या एकट्या शिरेतून बाळात शिरतं, थेट यकृताकडे जातं आणि बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे निघतं. बाळ पहिला श्वास घेतं, नाळेतलं वाहणं थांबतं, आणि पुढच्या काही दिवसांत या वाटा बुजतात. शिरेची होते यकृताला चिकटलेली एक गोल दोरी, रोहिण्यांच्या टोकाकडच्या भागांचे होतात पोटाच्या भिंतीच्या आतले दोन बंध. त्या आयुष्यभर तुमच्या-माझ्या पोटात असतात. पण त्यांतून काही वाहत नाही, तेल तर नाहीच.

एकाच परिस्थितीत बेंबीभोवतालची वाट पुन्हा उघडते, आणि ती आजाराची खूण असते. यकृत सिरोसिसने, म्हणजे आत वण साचत जाऊन, घट्ट झालं की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला पुढे जाता येत नाही. ते बुजलेल्या शिरेशेजारच्या बारीक वाटांनी बेंबीकडे परततं आणि बेंबीभोवती फुगलेल्या शिरांचं जाळं दिसू लागतं. दीर्घकाळ दारू पिणाऱ्या माणसाच्या पोटावर अशा शिरा दिसल्या, तर तेल लावणाऱ्या घरच्यांनी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं.

डोळ्याचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त छळतो. डोळ्याला रक्त मिळतं मानेतल्या कॅरोटिड रोहिणीच्या आतल्या शाखेकडून; बेंबीशी त्या वाटेचा संबंध नाही. आणि रक्तवाहिनी सुकत नाही, ती गुठळीने किंवा चरबीच्या थराने अडते. डोळ्याच्या पडद्याची मुख्य रोहिणी अचानक अडली तर न दुखता एका डोळ्याची नजर जाते, आणि पडदा वाचवण्यासाठी हाती काही तासच असतात. संदेशातल्या गृहस्थांना डाव्या डोळ्याने खरोखरच एकाएकी दिसेनासं झालं असेल, तर रात्री तेल घालून सकाळची वाट पाहणं म्हणजे तो डोळा सोडून देणं. याला आपल्या गोव्यात आणखी एक पदर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, 26.4 टक्के. मधुमेह डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बिघडवतो आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. साखर असलेल्या माणसाने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायलाच हवा. तीन थेंबांवर विसंबून ही तपासणी टाळणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

‘नाभी ओळखते आणि तेल धाडते’ यावर फार लिहिण्याची गरज नाही. अखंड त्वचेचा वरचा थर तेलाला वरच अडवून ठेवतो. म्हणून तर त्वचा मऊ राहते. तेल रक्तात उतरलंच असतं तरी हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त सगळ्या शरीरात फिरवतं. गुडघ्याला वेगळं, डोळ्याला वेगळं अशी वाटणी तिथे होत नाही.

आता पोटदुखी. बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावण्याची रीत आमच्याही घरात होती. कोमट हाताने पोट चोळलं की गॅसने रडणारं बाळ कधी कधी शांत होतं. पण बेंबीभोवतीच का दुखतं हे कळलं तर धोकाही कळेल. बेंबीभोवतालच्या त्वचेची संवेदना मज्जारज्जूच्या छातीच्या भागातून निघणाऱ्या चेतातंतूंच्या 12 जोड्यांपैकी दहाव्या जोडीतून मज्जारज्जूत पोचते, आणि अपेंडिक्सची वेदनाही जवळपास त्याच पातळीवर पोचते. मेंदूला त्यांतला फरक नेमका करता येत नाही. म्हणून अपेंडिक्स सुजलं की आधी बेंबीभोवती दुखतं. काही तासांनी सूज पोटाच्या अस्तराला लागते, तेव्हा कळ उजवीकडे खाली सरकते. मधल्या वेळात भूक जाते, उलटी होते, अंग तापतं. नेमके तेच तास हा संदेश हिंग-तेलासाठी मागतो. अपेंडिक्स फुटलं तर पू पोटभर पसरतो आणि जिवावर बेततं. काकी, मावशी, आजी, तुम्हीच घरातल्या मुलांचं पोट चोळता, म्हणून तुम्हाला सांगते: कळ उजवीकडे सरकली, पोट कडक लागलं, चालताना मूल वाकलं, किंवा तान्हं बाळ हिरवी उलटी करून रडायचं थांबेना, तर चोळणं थांबवा आणि इस्पितळ गाठा. गाडी नसेल तर 108.

मृत्यूनंतर तीन तास नाभी गरम, यातही गूढ काही नाही. हातपाय लवकर थंड पडतात, धड सावकाश. बेंबी धडावर आहे.

राहिली नवजात बाळाची बेंबी, आणि इथे तर तेलाचा एक थेंबही नको. नाळेचा देठ गळेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, ती उघडी जखम असते. तिच्यावर तेल, हळद, राख किंवा शेण लावण्याच्या रितीने पूर्वी देशभर तान्ह्या बाळांना धनुर्वात होत असे. आईला लस, इस्पितळातलं बाळंतपण आणि नाळ स्वच्छ ठेवण्याची सवय यांमुळे भारत 2015 साली माता आणि नवजात शिशूंच्या धनुर्वातातून मुक्त घोषित झाला. देठ कोरडा ठेवा, लंगोट त्याच्या खाली दुमडा, आंघोळीनंतर हलकेच टिपा. भोवती लाली पसरली, पू आला किंवा वास आला तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.