तीन पाने, चार पाने आणि सर्पगंधेची मात्रा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

परसातील सर्पगंधेच्या लागवडीवर मी लिहिलेला लेख आपण काळजीपूर्वक वाचलात आणि त्यावर सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. लेखातील एका छायाचित्रात पेरावर चार पाने दिसतात, म्हणून ते झुडूप सर्पगंधा नव्हे, हा पहिला. आपल्या घरी तीन पिढ्या रक्तदाबावर हिचे मूळ उगाळून दिले जात असताना मी तिला ‘विषारी’ म्हणून लोकांना उगाच भिववले, हा दुसरा. आणि लावायचे कसे हे सांगून द्यायचे किती हे मात्र सांगितले नाही, हा तिसरा.

पहिला आक्षेप मला मान्य आहे, मात्र आपण दिलेल्या कारणासाठी नव्हे. सर्पगंधा आणि तिच्यासारखेच दिसणारे, त्याच कुळातले रौवोल्फिया टेट्राफायला या दोन झुडपांमध्ये पानांची संख्या ही कच्ची खूण आहे. खऱ्या सर्पगंधेला (रौवोल्फिया सर्पेंटिना) बहुधा तीन-तीन पानांची चक्रे येतात, पण जोमदार रोपावर चार पानांचे चक्रही येते, त्यामुळे ‘तीन पाने म्हणजे सर्पगंधा’ हे माझ्या लेखातील वाक्यच सदोष होते आणि ते मी बदलले आहे. छायाचित्रातील झुडूप रौवोल्फिया टेट्राफायला आहे, हे त्याच्या चार पानांच्या लहानमोठेपणावरून कळते : एकाच चक्रात दोन पाने मोठी आणि दोन त्यांच्या मानाने बरीच लहान. रोपवाटिकेतल्या पाटीवर ‘सर्पगंधा’ लिहिलेले होते आणि मी पाटीवर विसंबलो. ते छायाचित्र काढून टाकले आहे.

ओळख पटवायची तर फुलोऱ्यापर्यंत थांबावे. सर्पगंधेचे फूल पांढरे, गुलाबी छटेचे असते, त्याची नळी लांब व सडपातळ असते, आणि फुलोऱ्याचे देठ इतके लालभडक असतात की हिरव्या पानांवर ते लांबून उठून दिसतात. टेट्राफायलाची फुले बारीक, मळकट पांढरी आणि आखूड नळीची असतात. तिची फळे आधी लाल होतात व मग काळी पडतात. सर्पगंधेची पिकलेली फळे जांभळट काळी व चकचकीत असतात. सर्पगंधेचे झुडूप सहसा दीड-दोन फुटांच्या वर जात नाही, टेट्राफायला मात्र छातीपर्यंत सहज वाढते. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, पण आता आपल्याकडे बांधावर, कुंपणाच्या कडेला आपोआप रुजलेली आढळते. वाळलेल्या मुळांचे तुकडे समोर आले तर डोळ्यांनी निवाडा करणे फार कठीण. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास सर्पगंधेच्या मुळात अश्मपेशी (जाड, कठीण भिंतींच्या पेशी) नसतात आणि टेट्राफायलाच्या मुळात त्या असतात. भेसळ ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत हीच खूण पाहतात.

आता ‘विषारी’ या शब्दाविषयी. सर्पगंधेचा गुण मी नाकारलेला नाही, नाकारणे शक्यही नाही. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे वळले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढले. परंतु रेसर्पिन ज्या क्रियेने रक्तदाब उतरवते, त्याच क्रियेने ते मेंदूतील काही संदेशवाहक द्रव्यांचा साठाही रिता करते. नाडी मंदावणे, नाक चोंदणे, गुंगी, जुलाब, जठरातील व्रण चिघळणे आणि काही जणांना खोल नैराश्य येणे, हे या गुणाचेच दुसरे अंग आहे. औषध आणि विष यांच्यातले अंतर मात्रेचे असते, हे आपल्या वैद्यकाला नवे नाही.

म्हणूनच मात्रा लिहिली नाही आणि पुढेही लिहिणार नाही. रेसर्पिनची गोळी ०.१ किंवा ०.२५ मिलिग्रॅमची असते. मुळातील अल्कलॉइडांचे (रेसर्पिनसारख्या गुणकारी द्रव्यांचे) प्रमाण झाडाचे वय, जमीन आणि काढणीचा हंगाम यांनुसार बदलते, शिवाय ती बरीचशी मुळाच्या सालीत असतात, म्हणजे साल झडलेला तुकडा आणि सालीसकट तुकडा यांची ताकद एक नसते. सहाणेवर चार वळसे म्हणजे किती, हे कसे ठरवायचे? त्यात परिणाम पूर्ण दिसायला दिवस नव्हे, आठवडे लागू शकतात. ‘गुण येत नाही’ म्हणून वळसे वाढवले जातात आणि मागचा-पुढचा परिणाम एकत्र येतो.

लागवड बियांपासून करावी की मुळांपासून, या आपल्या शंकेचे उत्तर लहान आहे. बी कठीण कवचाचे असल्याने उगवण कमीच होते. बी रात्रभर पाण्यात भिजवून तरंगणारे टाकून द्यावे; माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात चाळीसपैकी अकरा रुजले, तेही महिन्याहून अधिक वाट पाहायला लावून. मुळाचे बोटभर तुकडे पावसाच्या सुरुवातीला लावणे अधिक भरवशाचे. अर्धी सावली हवी, पाणी साचू देऊ नये. रानातून मात्र रोप उपटू नये : मूळ काढले की झाड संपते, आणि याच कारणाने १९९० पासून या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

शेवटी आपल्या प्रतिक्रियेतल्याच दोन वाक्यांकडे येतो, कारण ती मला आक्षेपांहून महत्त्वाची वाटली. आपल्या परसातले झाड ‘छातीइतके उंच, लाल फळांनी लगडलेले’ आहे, असे आपण लिहिले आहे. या वर्णनावरून ती टेट्राफायला असण्याची शक्यता अधिक दिसते. तिच्या मुळातही रेसर्पिनसारखी द्रव्ये असतात, त्यामुळे ‘सर्पगंधा नाही, मग निरुपद्रवी’ असेही समजता येणार नाही. आणि आपल्या मातोश्री रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबरच हे मूळ घेतात, असेही आपण नमूद केले आहे. झाडाचा निवाडा फुलोरा आल्यावर सावकाश करता येईल. मूळ चालू असल्याचे त्यांच्या डॉक्टरांना मात्र आजच सांगावे आणि जमल्यास पाने-फळांसह एक फांदी सोबत न्यावी, ही विनंती.