‘परदेशी यंत्रणा फक्त पुरावे पळवतात’ म्हणे!

“बॉम्बस्फोटाच्या तपासात परदेशी यंत्रणा येतात त्या पुरावे पळवायला. १९९३ च्या मुंबई स्फोटांतला टायमर अमेरिकेनं नेला आणि नष्ट केला. आजवर एकाही देशानं भारताला मदत केलेली नाही. सगळ्या गुप्तचर संस्थांना स्फोट आधीच माहीत असतो. इंटरपोलनं मनात आणलं तर चोवीस तासांत कुणालाही उचलेल, पण मुद्दाम उचलत नाही. म्हणून आता आपणच जागं व्हायचं. सोबत इंटरपोलनं कोल्हापूरसाठी पाठवलेली संशयितांची यादी.”

हा मजकूर सध्या कोल्हापुरात तालमीच्या ग्रुपपासून भजनी मंडळापर्यंत सगळीकडं फिरतोय. मी सोडून दिलं असतं. पण सोमवारी तो आमच्या तात्यांनी भावकीच्या ग्रुपवर टाकला, वर ‘विचार करायला लावणारं’ अशी पुरवणी जोडून. तात्या म्हणजे माझे चुलते. या माणसानं बँकेत जन्मभर चेकवरच्या सह्या ताडून बघितल्या. दुसऱ्याची वेलांटी जरा वाकडी दिसली तर चेक परत करायचे. त्यांनी हे पुढं ढकललं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

‘एकाही देशानं मदत केलेली नाही.’

२३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बनं आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली, हे बहुतेकांना आठवतं. त्याच्या तासभर आधी जपानच्या नारिता विमानतळावर काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. कॅनडातल्या व्हँकूवरहून आलेली, त्याच कटातली एक बॅग तिथं एअर इंडियाच्या बँकॉकच्या विमानात चढवायची होती. ती हलवतानाच फुटली. सामान चढवणारे दोन जपानी कामगार मेले. कनिष्कचे अवशेष दोन किलोमीटर खोल पाण्यात. नारिताचा पुरावा मात्र जमिनीवर पडला होता, आणि जपानी पोलिसांनी तो अक्षरशः झाडून गोळा केला. तुकड्यांतून तुकडे वेचून त्यांनी ठरवलं की बॉम्ब सॅनयो कंपनीच्या एका रेडिओ ट्यूनरमध्ये बसवला होता. नुस्ता ‘रेडिओ’ म्हणून थांबले नाहीत, मॉडेलचा नंबरसुद्धा काढला : एफएमटी ६११ के. तो नंबर घेऊन कॅनडाचे पोलीस व्हँकूवर बेटावरच्या डंकन नावाच्या लहानशा गावात, वुलवर्थच्या दुकानापर्यंत पोचले. तिथून तसला ट्यूनर नेणारा गिऱ्हाईक म्हणजे इंद्रजितसिंग रेयात. तोवर तो इंग्लंडला राहायला गेलेला. ब्रिटिश पोलिसांनी १९८८ मध्ये त्याला धरला, १९८९ मध्ये कॅनडाच्या हवाली केला, १९९१ मध्ये नारिताच्या स्फोटासाठी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

आता तात्या म्हणतील, यात भारताला काय मिळालं? कनिष्कच्या कटात आजवर शिक्षा झालेला माणूस एकच, तो हाच रेयात, आणि त्याच्यापर्यंतची वाट नारिताच्या त्या तुकड्यांतून निघाली. कनिष्कचे ब्लॅक बॉक्स समुद्रतळातून वर काढले ते फ्रेंच जहाजानं. एवढी मदत पुरे का?

फॉरवर्डमध्ये अर्धसत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. कॅनडाच्या गुप्तचर खात्यानं कनिष्क कटाचा सूत्रधार मानलेल्या तलविंदरसिंग परमारच्या फोनच्या टेप केल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा पुसूनही टाकल्या. स्फोटानंतरसुद्धा पुसल्या! २००५ मध्ये दोघं आरोपी सुटले. २६/११ च्या कटातल्या डेव्हिड हेडलीला अमेरिकेनं आपल्या ताब्यात दिलं नाही, कबुलीच्या सौद्यात तशी अटच होती. राग येण्यासारखंच आहे.

१९९३ च्या मुंबई स्फोटांचंही उदाहरण फॉरवर्डमध्ये आहे. ‘अमेरिकेनं टायमर नेला आणि नष्ट केला.’ हे रॉचे माजी अधिकारी बी. रामन यांनी लिहिलेलं आहे : अमेरिकी तज्ज्ञांनी टायमर तपासला, सही नसलेला अहवाल दिला, तो कोर्टात वापरू नका म्हणून बजावलं आणि टायमर ‘चुकून’ नष्ट झाल्याचं कळवलं. पण याच रामन यांनी ऑस्ट्रियाचंही लिहिलंय. सापडलेल्या हातबॉम्बवर ऑस्ट्रियन कंपनीची खूण होती. ऑस्ट्रियाच्या तज्ज्ञांनी ते बघितले आणि लेखी दिलं, की आमची यंत्रं नि आमचं तंत्र वापरून हे पाकिस्तानच्या कारखान्यात तयार झालेत, आणि आमचा कागद तुम्ही कोर्टात दाखवू शकता. एकाच खटल्यात एका देशानं हात झटकले, दुसऱ्यानं सही करून दिली. फॉरवर्डवाल्यानं पहिलं उचललं, दुसरं गिळलं. आणि ‘परदेशी’ म्हणून सगळ्यांची एकच मोट बांधली.

२६/११ चं थोडक्यात. २९ ऑगस्ट २०१२ चा कसाबवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कुणालाही वाचता येतो. रबरी बोटीच्या यामाहा इंजिनाचा माग लाहोरच्या कंपनीपर्यंत, इंटरनेटवरून केलेल्या फोनचा माग अमेरिकेतल्या कंपनीपर्यंत, त्या फोनच्या पैशांचा माग इटलीपर्यंत. एफबीआयच्या माणसांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षी दिल्यात. पळवायला आलेला माणूस कोर्टात उलटतपासणीला उभा राहतो होय?

‘सगळ्यांना आधीच माहीत असतं.’ पुन्हा कनिष्कच बघा. १ जून १९८५ ला एअर इंडियाच्याच मुंबई कार्यालयातून टेलेक्स गेला होता, की सामानात वेळ लावलेला बॉम्ब ठेवला जाऊ शकतो. तो कॅनडाच्या पोलिसांना मिळाला, त्यांनी विमानतळांना कळवलं, पण स्वतःच्याच देशाच्या गुप्तचर खात्याला दिला नाही. ४ जूनला त्या खात्याची माणसं परमार आणि रेयातच्या मागावर डंकनच्या जंगलापर्यंत गेली, मोठा आवाज ऐकला आणि बंदुकीचा बार समजून परत आली. कॅनडाच्या आयोगानं हे सगळं २०१० च्या अहवालात छापलंय, न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या नावानं. सुगावे होते, पण एका टेबलावर कधी आलेच नाहीत. हा निष्काळजीपणा भयंकर आहे. पण तो ‘मुद्दाम होऊ दिलं’ याचा पुरावा नव्हे.

इंटरपोलकडं कुणाला उचलायला स्वतःचे शिपाईच नाहीत. इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे हवा असलेला माणूस शोधून धरून ठेवा, अशी सदस्य देशांना केलेली विनंती. ती कितपत पाळायची, ते ज्यानं त्यानं आपल्या कायद्यानुसार ठरवायचं. अबू सालेमला पोर्तुगालनं २००५ मध्ये दिला तो फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही या हमीवर, आणि २०२२ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं ती हमी सरकारला बांधील असल्याचं सांगितलं. संपला मुद्दा.

आता ती यादी. ‘इंटरपोल मुख्यालय, न्यूयॉर्क’ असा मथळा आहे. मुख्यालय फ्रान्समध्ये लियाँ शहरात आहे. खाली अशोकस्तंभाचा शिक्का. फ्रान्सच्या कार्यालयाला अशोकस्तंभ कुणी दिला? संपर्कासाठी दहा आकडी मोबाईल नंबर. इंटरपोलचा आपल्याकडचा सगळा व्यवहार दिल्लीत सीबीआयमार्फत चालतो, तो पेठेतल्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकत नाही. सह्या ताडणाऱ्या माणसाला हे दिसू नये?

त्यातला पाचवा फोटो मी ओळखतो. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करणारा ओडिशाचा पोरगा आहे. फोटो कुणीतरी वरच्या गॅलरीतून काढलाय, कारण पोराच्या हातात दुधाची पिशवी आहे आणि मागं आमच्याच गल्लीचा विजेचा डांब दिसतोय. गुप्तचर संस्थेचे फोटो आमच्या डांबाजवळ निघतात का? घरमालकिणीनं त्याला महिनाअखेरीस खोली रिकामी करायला सांगितलंय. भाडेकरूचे कागद ठाण्यात दिलेले असतानासुद्धा. जून २०२३ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसवरून या गावात दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडलं. एवढ्यात विसरायला झालं?

खरंच काही संशयास्पद दिसलं तर ११२ ला फोन करा, ठाण्यात जा. फोटो काढून ग्रुपवर फिरवू नका. आणि तात्या, तुमचा मेसेज आता सगळ्यांसाठी डिलीट होत नाही, मुदत गेली. त्याच्याखाली हे टाका, आणि घरमालकिणीशी तुम्हीच बोला. आमचं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते.